पांढरी चौकट कुठून येते?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात माध्यमिक विभागातील एका शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की परीक्षा, शिस्त आणि मोबाइलचे दुष्परिणाम या तीन गोष्टी ऐकाव्या लागणार, अशी पालकांची मनाची तयारी असते. आज मी या तिन्हींपैकी कशावरही बोलणार नाही. माझा विषय छापखान्यातला आहे. संगणकावर पान सुरेख जुळवले, पडद्यावर ते मनासारखे दिसले, त्याची पीडीएफ काढली, आणि छापून आल्यावर बोधचिन्हाभोवती पांढरी चौकट उमटली. किंवा मथळ्याची अर्धी अक्षरे जाड आणि अर्धी बारीक आली. किंवा आकाशाच्या चित्रातून केसासारखी पांढरी रेघ गेली. हे का होते आणि ते कसे शोधून काढावे, एवढेच मला सांगायचे आहे.

हा विषय मी का निवडला, तेही सांगतो. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कित्येक मुले डीटीपीच्या दुकानात, फ्लेक्सच्या कारखान्यात, लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे कामाला बसली आहेत. काम करता करता ती शिकतात, पण शिकतात ती बटणे. कोणते बटण दाबले की काय होते हे त्यांना ठाऊक असते, का होते हे कोणी सांगत नाही. काम बिघडले की मग सगळा दोष खुर्चीवर बसलेल्या मुलावर येतो.

आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या बाबतीत असेच घडले. तो एका छापखान्यात ऑपरेटर होता. एका वार्षिक अंकाचे मुखपृष्ठ त्याने जुळवले होते. हिरव्या पट्ट्यावर बोधचिन्ह आणि त्याखाली मऊ सावली, असे ते मुखपृष्ठ होते. ग्राहकाने पडद्यावर पाहून पसंती दिली. छापून आले तेव्हा सावलीच्या जागी पांढरा चौकोन, आणि त्या चौकोनात करडी सावली! कागद वाया गेला. मालकाने त्या कागदाचे पैसे मुलाच्या पगारातून कापले. मुलगा म्हणत होता, "मी काही चुकीचे केलेले नाही," पण चूक नेमकी कुठे झाली हे त्याला दाखवता येईना. ते कसे दाखवता आले असते, हे मी पुढे सांगणार आहे.

आधी एक मूळ गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. छापखान्यात पांढरी शाई सहसा नसते. चार रंगांच्या छपाईत निळसर, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. पांढरे म्हणजे कागद. म्हणून छापलेल्या पानावर पांढरा चौकोन दिसला, तर कोणीतरी तिथे पांढरा रंग लावला असे समजू नये. त्या जागी शाई लावू नका, असा हुकूम प्लेटपर्यंत पोहोचला, असा त्याचा अर्थ आहे. तो हुकूम कोणी दिला हे शोधायचे असते.

जुन्या काळी हा प्रश्न हाताने सोडवीत. छायाचित्राचा जस्ताचा ब्लॉक बनवला की माणसाच्या आकृतीभोवतालचे जस्त कापून काढीत, म्हणजे पार्श्वभूमी उरत नसे. पुढे ऑफसेट आले, तेव्हा फिल्मवर नको असलेला भाग अपारदर्शक रंगाने झाकीत. या दोन्ही रीतींमध्ये कडा धारदार येत. अर्धवट दिसणारी सावली, धुक्यासारखी विरत जाणारी कडा हे सहज साधण्याजोगे काम नव्हते.

मग संगणक आला. ॲडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा १९८४ साली आली आणि १९८५ साली आल्डस कंपनीचे पेजमेकर. या दोहोंनी पान जुळवण्याचे काम टेबलावर आणले. परंतु पोस्टस्क्रिप्टचा स्वभाव भिंतीला ऑइलपेंट देणाऱ्यासारखा आहे. शेवटी जो रंग लावला तो खालचा रंग पुरता झाकतो. अर्धे झाकणे त्या भाषेला ठाऊकच नाही. पतंगाचा लाल कागद पिवळ्या कागदावर ठेवला तर नारिंगी छटा दिसते ना? तशी छटा पोस्टस्क्रिप्टमध्ये नुसता कागद ठेवून मिळत नाही. लाल आणि पिवळे मिळून कोणता रंग होईल ते आधीच काढावे लागते आणि तो तयार रंग तेवढ्या जागेत भरावा लागतो.

१९९३ मध्ये आलेली पीडीएफ सुरुवातीला याच स्वभावाची होती. २००१ साली तिची १.४ ही आवृत्ती आली, तेव्हा पहिल्यांदा पीडीएफला खरी पारदर्शकता समजू लागली. "हे चित्र वर आहे, ते इतके टक्के पारदर्शक आहे," असे लिहून ठेवण्याची सोय झाली. याचा अर्थ असा की १.३ आणि १.४ या दोन आकड्यांमध्ये फक्त एका दशांशाचा फरक दिसत असला, तरी आपल्या विषयापुरते ते दोन वेगळे जमाने आहेत. निर्यात करताना जी खिडकी उघडते, तिच्यात हा आकडा निवडावा लागतो. बहुतेक मुले तिथे काय लिहिले आहे ते न पाहता पुढे जातात.

१.३ निवडले तर काय होते? इनडिझाइनसारखे सॉफ्टवेअर पारदर्शक वस्तूंचे सपाटीकरण करते. दुकानात याला फ्लॅटनिंग म्हणतात. जिथे जिथे दोन वस्तू एकमेकींवर आल्या असतील, तिथे तिथे तो भाग कापून त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा मिश्र रंग काढला जातो आणि तुकडे पुन्हा शेजारी शेजारी बसवले जातात. गोधडी शिवल्यासारखे. काम नीट झाले तर शिवण दिसत नाही.

पीडीएफ-एक्स-१ए नावाची जी छपाईची तयार निवड असते, तिलाही जिवंत पारदर्शकता चालत नाही. तिथेही सपाटीकरण होतेच. पीडीएफ-एक्स-४ ला मात्र ती चालते. "आम्हाला एक्स-१ए द्या," असे कितीतरी छापखाने अजून सांगतात. त्यांच्या यंत्रसामग्रीला तेच सोयीचे असेल तर त्यात वावगे नाही, पण ग्राहकाने आणि ऑपरेटरने त्याचा परिणाम ओळखून असावे.

आता बिघाड शोधण्याकडे येतो. माझा पहिला सल्ला असा की, निर्यातीला दोष देण्याआधी चित्राला विचारावे, "बाबा रे, तू मुळात पारदर्शक आहेस का?" निम्मी प्रकरणे इथेच संपतात असा माझा अनुभव आहे. जेपीईजी या प्रकारच्या फाइलीत पारदर्शकता साठवण्याची सोयच नाही. पीएनजीत आहे, फोटोशॉपच्या पीएसडीत आहे, टिफमध्ये ठेवता येते. एखाद्या संस्थेकडून बोधचिन्ह चांगल्या पीएनजीत निघते, पण ते व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवले की वाटेत त्याचे जेपीईजी होते आणि मागचा मोकळा भाग भरला जातो. तेच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोहोचते. काही मुले मग फाइलीच्या नावातले 'जेपीजी' खोडून 'पीएनजी' लिहितात. पाटी बदलल्याने दुकानातला माल बदलत नाही! आणखी एक गंमत सांगतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या चित्रामागे कधी कधी करड्या-पांढऱ्या चौकड्या दिसतात आणि पारदर्शक चित्र मिळाले म्हणून मुलगा खूष होतो. वास्तविक त्या चौकड्या चित्रातच रंगवलेल्या असतात आणि पानावर त्या तशाच छापल्या जातात.

याची परीक्षा सोपी आहे. पानावर गडद लाल रंगाचा एक चौकोन काढावा आणि चित्र त्यावर ठेवावे. लाल रंग चित्राच्या मोकळ्या भागातून दिसला तर चित्र निर्दोष आहे, पुढे शोधा. नाही दिसला तर पीडीएफच्या शंभर आवृत्त्या बदलल्या तरी उपयोग नाही.

आपल्या स्मरणिकांत मराठी पानांबरोबर उर्दू पाने असतात. उर्दू मजकूर इनपेजमध्ये जुळवून तो चित्र म्हणून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणण्याची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे आहे. उर्दू मथळा जेपीईजी करून रंगीत पट्ट्यावर ठेवला की पांढरी चौकट ठरलेलीच. तोच मथळा ईपीएस स्वरूपात रेषांच्या रूपाने आणला तर फक्त अक्षरे येतात, मागे काही रंगवलेले नसल्यामुळे पट्टा मोकळा राहतो. इथे उलटा फसवा प्रकारही घडतो. ईपीएसचे पडद्यावरचे नमुनाचित्र काही वेळा पांढऱ्या चौकटीसकट दिसते आणि छपाईत मात्र चौकट नसते. तेव्हा पडद्यावर चौकट दिसली म्हणून लगेच घाबरू नये आणि दिसली नाही म्हणून निश्चिंतही होऊ नये.

मुख्याध्यापकांची सही, शाळेचा शिक्का, हाताने लिहिलेला उर्दू मथळा अशा निव्वळ काळ्या रेषांच्या वस्तूंसाठी मला एक जुनी रीत फार आवडते. चित्र करड्या छटांमध्ये न ठेवता शुद्ध काळे-पांढरे करावे, म्हणजे प्रत्येक बिंदू एकतर काळा नाहीतर कोरा. अशी एक-बिटची टिफ बाराशे डीपीआयला करून इनडिझाइनमध्ये आणली की तिचा कोरा भाग आपोआप मोकळा राहतो. यात पारदर्शकता वापरलीच जात नाही, त्यामुळे सपाटीकरणाचाही प्रश्न येत नाही. दुसरी रीत 'मल्टिप्लाय'ची. हा शुद्ध गुणाकार आहे. पांढऱ्याची किंमत १ आणि काळ्याची ०. एकने गुणले तर खालचा रंग तसाच राहतो, शून्याने गुणले तर काळा होतो. म्हणून सहीमागचा पांढरा कागद नाहीसा होतो. गणितात नापास होणाऱ्या मुलाला मी हे उदाहरण देतो, त्याला ते पटते. मात्र ही युक्ती माणसाच्या छायाचित्राला लावू नये. चेहऱ्यातूनही मागचा रंग डोकावतो आणि आदरणीय व्यक्ती हिरवी दिसू लागते.

मथळा जाड होण्याचे कारण बहुधा थरांच्या क्रमात असते. एखाद्या फोटोची सावली अक्षरांवर येत असेल, तर सपाटीकरणात तेवढी अक्षरे अक्षरे राहत नाहीत. त्यांच्या बाह्यरेषा होतात किंवा थेट चित्र होते. शेजारची अक्षरे मात्र पूर्वीसारखीच असतात. रोमन लिपीत हा फरक एक वेळ खपून जातो. देवनागरीत शिरोरेषा सलग असते. ती मध्येच जाड झाली की लांबूनही खटकते, आणि बारीक मात्रा, रफार, अनुस्वार भरून जातात. यावर उपाय पैशाचा नाही. मजकूर सर्वांत वरच्या थरावर ठेवावा, म्हणजे सावली त्याच्या खाली राहील.

केसासारख्या पांढऱ्या रेघांबद्दल पालक फार चिडतात, कारण हल्ली अंकाची पीडीएफ आधी मोबाइलवर फिरते आणि घराघरांत तपासली जाते. या रेघा त्या गोधडीच्या शिवणी असतात. पुष्कळदा त्या पडद्यावरच्या गुळगुळीतपणामुळे दिसतात, कागदावर उतरत नाहीत. ओळखायचे कसे? पान मोठे करून पाहावे. चारशे टक्के, आठशे टक्के केले तरी रेघ तेवढीच बारीक राहिली, तर ती बहुतेक पडद्याची माया आहे. चित्राबरोबर रेघही रुंद होत गेली तर तिथे खरीच फट आहे आणि दुरुस्ती हवी. सपाटीकरणाची प्रत 'लो', 'मीडियम', 'हाय' अशी निवडता येते. छपाईसाठी 'हाय'च घ्यावी. 'लो' घेतल्यास सावल्या ओबडधोबड येतात.

एक बारीकशी गोष्ट राहून जाऊ नये म्हणून सांगतो. चारही पाने सारखी जुळवलेली असताना पारदर्शक वस्तू असलेल्या पानाचाच रंग वेगळा दिसला, तर रंगांचे मिश्रण आरजीबीत होत असण्याची शक्यता असते. इनडिझाइनच्या एडिट मेनूत 'ट्रान्स्परन्सी ब्लेंड स्पेस' आहे. छपाईच्या कामाला तिथे सीएमवायके ठेवावे.

आता त्या मुलाच्या मुखपृष्ठाकडे. तो हिरवा पट्टा चार शायांतून बनवलेला नव्हता. तो स्पॉट रंग होता, म्हणजे त्यासाठी वेगळी तयार हिरवी शाई, वेगळी प्लेट. अशा रंगावर काळी सावली टाकून सपाटीकरण केले की सॉफ्टवेअर फाइलीत सूचना लिहिते, "हिरवा पूर्ण ठेवा आणि त्याच्यावर काळा छापा." याला ओव्हरप्रिंट म्हणतात. ती सूचना पाळली गेली तर सावली सुंदर दिसते. पाळली गेली नाही, तर सावलीच्या चौकटीएवढा हिरवा रंग कापला जातो आणि उरतो कोरा कागद. मुलाच्या पडद्यावर सूचना पाळली जात होती, प्लेट बनवणाऱ्या यंत्रावर पाळली जात नव्हती. म्हणजे फाइल बरोबर होती, हुकूम वाटेत हरवला.

हे दाखवण्यासाठी ॲक्रोबॅट प्रोफेशनलमधील 'आउटपुट प्रिव्ह्यू' उघडावे. तिथे प्रत्येक शाई स्वतंत्रपणे चालू-बंद करता येते. काळी बंद केल्यावर सावलीखाली हिरवा अखंड दिसला तर फाइल निर्दोष. मग ओव्हरप्रिंट दाखवण्याची खूण काढून पाहावी. पांढरा चौकोन तिथल्या तिथे प्रकट होतो, म्हणजे प्लेटवर काय झाले ते मालकाला डोळ्यांनी पाहता येते. मोबाइलवरची बरीचशी ॲप ओव्हरप्रिंट विचारात घेत नाहीत, म्हणून तिथली चौकट हा पुरावा धरू नये. आपल्या त्या मुलाने हे सगळे नंतर शिकून घेतले आणि मालकाला दाखवले. मालकाने मान्य केले. कापलेले पैसे मात्र परत आले नाहीत. आता तो दुसरीकडे काम करतो आणि चार रंगांचे काम असेल तर निर्यातीपूर्वी सर्व स्पॉट रंगांचे प्रोसेस रंग करून घेतो. मुखपृष्ठाला खरोखरच पाचवी शाई हवी असेल तर नमुना प्रत कागदावर काढल्याशिवाय पुढे सरकत नाही.

छापखान्यातले जे यंत्र पीडीएफचे बिंदूंमध्ये रूपांतर करते त्याला रिप म्हणतात. जुने रिप पोस्टस्क्रिप्टच्या वाटेने चालतात, त्यांना सपाट केलेलीच फाइल लागते. २००६ मध्ये ॲडोबीने पीडीएफ प्रिंट इंजिन आणले. त्यावर चालणाऱ्या रिपना जिवंत पारदर्शकता थेट वाचता येते. म्हणून काम हातात घेताना छापखान्याला विचारावे, "तुमचा रिप कोणता, एक्स-४ चालते का?" हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे छापखानेवाला जरा वेगळ्या नजरेने पाहतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. अनोळखी, जुनी यंत्रसामग्री असेल तर एक अडाणी पण हमखास मार्ग आहे. चित्र, सावली आणि मागचा रंग हे सारे फोटोशॉप किंवा गिंपमध्ये एकत्र करून तीनशे डीपीआयचे एकच सपाट चित्र बनवावे आणि अक्षरे तेवढी वेगळी ठेवावीत. जाणकार लोक याला नाक मुरडतील, पण उद्या सकाळी अंक हवा असेल तर मी हेच करीन.

इतके करूनही कारण सापडले नाही, तर पानाची प्रत करावी, तिच्यातल्या निम्म्या वस्तू काढून टाकाव्यात आणि निर्यात करावी. बिघाड गेला तर तो काढलेल्या निम्म्यात होता. राहिला तर उरलेल्यात. पुन्हा निम्म्या काढाव्यात. चाळीस वस्तूंच्या पानावर पाच-सहा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. आणि पीडीएफ काढताना 'एक्सपोर्ट' वापरावे. 'प्रिंट'मध्ये जाऊन पोस्टस्क्रिप्टच्या वाटेने पीडीएफ काढली तर पारदर्शकता हटकून सपाट होते, मग १.४ निवडल्याचा उपयोग काय?

काही पालक विचारतील, घरी शिकायला महागडे सॉफ्टवेअर कुठून आणायचे? स्क्रायबस हे मोफत आणि कायदेशीर आहे. २०२४ साली आलेल्या त्याच्या १.६ या आवृत्तीत देवनागरी आणि उर्दू दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये जुळवता येतात. पीडीएफ काढण्यापूर्वी ते पान स्वतः तपासते आणि १.३ निवडलेले असताना पानावर पारदर्शक वस्तू असेल तर तसा इशारा देते. इशारा वाचायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

संगणक खोलीतील यंत्रांवर आज स्क्रायबस घातलेले आहे. एक पान जुळवून ठेवले आहे. त्यात एक बोधचिन्ह, एक सही, एक उर्दू मथळा आणि एक सावली असलेला फोटो आहे, आणि चारांपैकी तीन ठिकाणी मुद्दाम बिघाड करून ठेवला आहे. चहा झाल्यावर नववी आणि दहावीच्या मुलामुलींनी दोघादोघांच्या जोड्या करून तिकडे यावे. ज्या पालकांना पाहायचे असेल त्यांनीही यावे, खुर्च्या ठेवल्या आहेत. गडद लाल चौकोन काढण्यापासून सुरुवात करू.